फोन घरी केव्हा असतो?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



‘ऑनलाइन शिक्षण आणि मागे राहिलेला विद्यार्थी’ असा विषय मला देण्यात आला आहे. मी यंत्रांचा जाणकार नाही. तीस वर्षे गणित शिकवले, एवढीच माझी शिदोरी. म्हणून एका कबुलीने सुरुवात करतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर आदळले आणि कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. वीज आल्यावर मी नववीच्या वर्गाचा व्हॉट्सॲप गट केला. रोज रात्री दोन पाने गणिते सोडवायची, फोटो काढायचा, गटावर टाकायचा. कोणी पाहिले याची यादी फोनच दाखवतो. ती यादी बघून मी हजेरी मांडीत असे. वही अगदी नीटनेटकी भरली. मुख्याध्यापकांनी शाबासकीही दिली.

ऑक्टोबरात एक विद्यार्थिनी बाजारात भेटली. हुशार मुलगी, बीजगणितात वर्गात पुढे. तिने विचारले, “सर, पुस्तकं परत कुठं करायची?” मी म्हटले, अग, तू तर रोज हजर असतेस! मग उलगडा झाला. प्रवेशाच्या अर्जावर लिहिलेला नंबर वडिलांचा होता आणि वडील कुवेतला होते. घरातला दुसरा फोन भावाचा. तो सकाळी कामावर जाताना बरोबर नेई आणि रात्री आणी. चार महिन्यांत त्या मुलीने माझे एकही गणित पाहिले नव्हते. मी वडिलांना फोन केला. ते म्हणाले, “सर, मी तर रोज तुमचे पाठ उघडून बघत होतो. वाटलं, तिलाही येत असतील.” बिचाऱ्यांचा काय दोष! दहावीच्या पटावर तिचे नाव आले नाही. माझ्या वहीत मात्र ती आजही हजर आहे.

मित्रहो, हे एका घरापुरते नव्हते. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत, म्हणजे टाळेबंदीच्या आधीच, असे आढळले होते की देशाच्या ग्रामीण भागात शंभरातील सुमारे पंधरा घरांत इंटरनेटची सोय होती आणि संगणक शंभरात चार-पाच घरांत. तेव्हापासून फोन पुष्कळ वाढले, मान्य आहे. परंतु पाहणी घर मोजते. घरात फोन आला म्हणजे तो मुलीच्या हाती आला असे होत नाही. आधी वडील, मग थोरला भाऊ, मग धाकटा भाऊ, आणि उरल्या वेळात ती. तोवर तिची चूल पेटवायची वेळ झालेली असते. माझे हे बोलणे काही पालकांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

आपल्यापुढे आणखी एक अडचण आहे, जिच्याकडे शहरातल्या तज्ज्ञांचे सहसा लक्ष जात नाही. आपली पुष्कळ मुले उर्दू माध्यमात शिकतात. बालभारती उर्दूतही पाठ्यपुस्तके काढते आणि ती फोनवर उतरवून घेता येतात, ही मोठी सोय आहे. पण मूल वाचायला शिकते नस्तालीक वळणावर, आणि अनेक साध्या फोनांवर उर्दू मजकूर दिसतो नस्ख वळणात. अक्षरे तीच, पण सरावाची चाल मोडते आणि कच्चा वाचक अडखळतो. म्हणून शिक्षक मग पानाचा फोटोच पाठवतात. फोटो जड, पैसे खाणारा, आणि लहान पडद्यावर मोठा करून ओळ शोधता शोधता मूल कंटाळते. चित्रफितींचे पाठही मराठी-इंग्रजीच्या मानाने उर्दूत थोडेच.

मग हे साधनच टाकाऊ आहे का? मुळीच नाही. १९७५-७६ साली आपल्या देशात उपग्रहावरून शिक्षणाचा मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत एका अमेरिकन उपग्रहाच्या मदतीने दूरदर्शनचे कार्यक्रम पोहोचवले गेले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. त्यातली मला भावलेली गोष्ट अशी की संच कुणाच्या माजघरात ठेवले नव्हते; ते गावाचे होते, शाळेसारख्या सामाईक जागी असत. सकाळी मुले एकत्र बसून पाहत. ज्याच्या घरी वीजही नव्हती, त्याचे मूलही त्यात होते.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेचे. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे स्टेट विद्यापीठाने युडासिटी या कंपनीबरोबर गणित व संख्याशास्त्राचे ऑनलाइन वर्ग चालवले. पूर्वी गणितात नापास झालेले आणि गरीब वस्तीतल्या शाळांचे विद्यार्थीही त्यांत होते. काहींच्या घरी संगणकच नव्हता. उत्तीर्णांचे प्रमाण नेहमीच्या वर्गांहून पुष्कळ खाली आले आणि जुलैत प्रयोग थांबवावा लागला. उन्हाळ्यातील तुकडीचा निकाल चांगला लागला, पण त्या तुकडीत आधीच पदवी घेतलेले लोक बरेच होते! शिकण्याची सवय ज्याला लागली आहे, तो पडद्यावरूनही शिकतो. ज्याला ती लागायची आहे, त्याच्याजवळ कोणीतरी बसावे लागते. आपल्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठानेही १९८९ पासून नुसती पुस्तके टपालाने धाडून भागवले नाही. ठिकठिकाणी अभ्यासकेंद्रे ठेवली.

आता आपल्या संस्थेविषयी. वर्गात भिंतीवर मोठा पडदा बसवण्याचा विचार चालू आहे, असे ऐकतो. पडद्यासाठी देणगी मिळते, कारण खाली देणगीदाराची पाटी लावता येते. माझी विनंती आहे की पडदा एक वर्ष थांबू द्यावा. त्या पैशात संध्याकाळी पाच ते सात शाळेचा हॉल उघडा ठेवावा; त्यात पाच-सहा फोन, पाठ आधीच उतरवून ठेवलेले, म्हणजे नेटवर्क नसले तरी अडणार नाही. गणिताचे पाठ आवाजाचे, पाच मिनिटांचे, आणि त्याबरोबर छापील कागद, ज्यावर मूल पेन्सिलने गणित सोडवील. बारावीतल्या दोन मुलींना मानधन देऊन मदतीला बसवावे. फुकट राबवू नये. मानधन मिळाले की घरचेही त्यांना पाठवतात. मुलींना पहिला तास द्यावा, म्हणजे त्या उजेडातच घरी पोहोचतील. आणि आठवड्यातून एकदा शिक्षकाने प्रत्येक मुलाशी प्रत्यक्ष बोलावे, हजेरी त्या बोलण्यावरून मांडावी.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांच्या हाती स्वतःचा फोन आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर बहिणीला एवढेच विचारावे की तुला तो किती वाजता हवा.

पालकांसाठी दाराजवळच्या टेबलावर एक कागद ठेवला आहे. त्यात तीनच प्रश्न आहेत: फोन कुणाचा, तो घरी किती ते किती असतो, आणि मुलीला त्यातले किती वेळ मिळतो. कृपया जाण्यापूर्वी तो भरून द्यावा. खरे तेच लिहावे. फोन कुवेतला असेल तर कुवेत लिहावे.