आधी हाताने, मग अवजाराने



हाती असलेला वेळ मला एकाच विषयाला द्यायचा आहे. वेबपान एचटीएमएल लिहून हाताने करावं, की जसं दिसेल तसं माऊसने मांडत जाणाऱ्या एडिटरमध्ये करावं? हा वाद आपल्या वेबच्या व्यवसायाइतकाच जुना आहे. दोन्ही बाजूंनी तो हट्टाने लढवला जातो आणि त्यात नुकसान होतं वाचकाचं. मराठी वाचकाचं तर जरा जास्तच.

हाताने लिहिणाराच काय तो खरा कारागीर, असं मानणाऱ्यांनी वेबची सुरुवात आठवावी. टिम बर्नर्स-ली यांनी 1990च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत नेक्स्ट संगणकावर जो पहिला ब्राउझर लिहिला, तोच एडिटरही होता. पान उघडायचं, तिथल्या तिथे मजकूर बदलायचा, शब्द निवडून दुवा जोडायचा. टॅग पडद्याआडच राहायचे. लोक ते टॅग हाताने लिहीत बसतील, हे त्यांना अपेक्षितच नव्हतं. 1999 सालच्या आपल्या पुस्तकात त्यांनी तसं नोंदवलं आहे. पण तो प्रोग्राम नेक्स्टवरच चालायचा आणि नेक्स्ट होते मोजक्यांकडे. 1993 साली मोझॅक हा ब्राउझर आला, विंडोज आणि मॅकवर पोचला, मजकुरातच चित्रं दाखवू लागला आणि जगभर पसरला. त्यात पान लिहिण्याची सोय नव्हती. वाचणं आणि लिहिणं यांची ताटातूट पक्की झाली ती तिथे. आपण जिला अभिमानाने परंपरा म्हणतो, ती हाताने लिहिण्याची रीत या ताटातुटीनंतरच रुजली.

या रीतीने एक अमोल गोष्ट मात्र दिली. ब्राउझरमधून कोणत्याही पानाचा सोर्स उघडून वाचता येत होता आणि एक अख्खी पिढी दुसऱ्यांची पानं वाचून हे काम शिकली. क्लास नाही, फी नाही. इतकी खुली शाळा दुसऱ्या कोणत्या व्यवसायाला लाभली असेल, मला ठाऊक नाही.

मग एडिटर आले. व्हर्मीर नावाच्या छोट्या कंपनीचं फ्रंटपेज मायक्रोसॉफ्टने 1996च्या जानेवारीत विकत घेतलं. 1997च्या अखेरीस मॅक्रोमीडियाचं ड्रीमवीव्हर आलं आणि हाताने लिहिलेल्या कोडची मोडतोड करणार नाही, असं त्याने आवर्जून सांगितलं. तसं सांगावं लागलं, कारण त्या काळातले बरेच एडिटर ती मोडतोड करत. तरीही शाळा, ग्रंथालयं, छोट्या संस्था, एकेकटे हौशी लेखक वेबवर आले ते या अवजारांमुळेच. त्यांना नावं ठेवणं मला पटत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. एडिटरमध्ये बसलेला माणूस कागदाचा विचार करतो. त्याला शीर्षक हवं असतं, म्हणून तो ओळ निवडतो, अक्षर मोठं करतो, ठळक करतो. डोळ्यांना ते शीर्षक दिसतं. सोर्समध्ये मात्र तो साधा परिच्छेद असतो, आत फॉन्टचा आकार कोंबलेला. आता एनव्हीडीए या वाचनयंत्रावर वेब ऐकणारा दृष्टिहीन वाचक त्या पानावर येतो. एच ही कळ दाबली की पुढच्या शीर्षकावर जायचं, ही त्याची वाचायची रीत. तो कळ दाबतो आणि उत्तर मिळतं की शीर्षकच नाही. बारा विभागांचा लेख त्याला पहिल्या ओळीपासून सलग ऐकत बसावं लागतं. ती ओळ एच टू, म्हणजे शीर्षक, म्हणून नोंदवली असती, तर त्याची सुटका एका टॅगने झाली असती.

मराठीत तर या दिसण्याच्या नादाची मोठी किंमत आपण मोजली आहे. देवनागरी युनिकोड या संकेतप्रणालीच्या 1991च्या पहिल्याच आवृत्तीत होती, पण विंडोजमध्ये ती नीट चालायला विंडोज 2000 उजाडावं लागलं. तोवर, आणि नंतरही बरीच वर्षं, आपली पानं कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांत झाली. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ लिहिलं की फाइलमध्ये साठतात ती इंग्रजी अक्षरं: ई, जे, के, कॅपिटल बी, एच. एडिटरच्या पडद्यावर सुबक मराठी, पोटात ही पाच अक्षरं. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ते पान म्हणजे निरर्थक अक्षरांची रांग, आणि शोधयंत्राच्या लेखी तर मराठी तिथे नव्हतीच.

ही पानं आता युनिकोडमध्ये आणायची तर रूपांतरकं उपलब्ध आहेत. पण एकाच पानात मराठीही असते आणि खरं इंग्रजीही. कोणता तुकडा कोणत्या फॉन्टातला, याचा पुरावा एकाच ठिकाणी उरलेला असतो: सोर्समधल्या फॉन्ट टॅगमध्ये. ज्या टॅगला आपण गचाळ म्हणून हिणवतो, तोच इथे किल्ली ठरतो. जुना मजकूर नव्या प्रणालीत नेताना कोणी ‘फॉरमॅटिंग काढा’ हे बटण उत्साहाने दाबतं आणि ती किल्ली कायमची जाते. मूळ फाइल जपली नसेल, तर पुढे कोणता शब्द मराठी आणि कोणता इंग्रजी हे माणसाने बसून ओळखायचं. अशा पानांत दिवाळी अंकांतले लेख असतात, गावांचे इतिहास असतात, परदेशातल्या मंडळांची स्मरणिका असते. ते साहित्य आहे, आणि ते एका बटणाने आपल्या हातून निसटतं, याचं मला मनापासून दुःख होतं.

आजचे एडिटर सुधारले आहेत. वर्डप्रेसमध्ये 2018च्या अखेरीस ब्लॉक एडिटर आला. तिथे शीर्षक, उतारा, यादी असा ब्लॉक निवडावा लागतो, म्हणजे हे काय आहे, हा प्रश्न आधी येतो. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. तरी पानाची भाषा मराठी आहे, ही नोंद अजूनही कितीतरी मराठी पानांवर चुकते आणि तिथे इंग्रजीच राहते. एमआर ही दोन अक्षरं भाषा नोंदवणाऱ्या लँग या गुणधर्मात असली, तर वाचनयंत्राला मराठी आवाज निवडता येतो, आणि ज्या फॉन्टांत सोय आहे तिथे ल आणि श आपल्या वळणाचे उमटतात. पडद्याकडे कितीही वेळ पाहिलं तरी ही चूक सापडत नाही. सोर्स वाचावा लागतो.

म्हणून माझं मत सांगतो. ज्याला दोन ओळी जगापुढे ठेवायच्या आहेत, त्याच्या हाती खुशाल एडिटर द्या, पण शीर्षकाला शीर्षक म्हणायला लावणारा द्या. जो यावर पोट भरतो, त्याला मात्र एचटीएमएल हाताने लिहिता आणि वाचता आलंच पाहिजे. प्रशिक्षण वर्ग चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे की सुरुवात साध्या नोटपॅडवर करून घ्या, एडिटर नंतर दाखवा. आणि ज्यांच्याकडे युनिकोडपूर्व काळातली मराठी पानं पडून आहेत, त्यांनी कोणतंही सफाईचं बटण दाबण्याआधी मूळ फाइलींची जशीच्या तशी प्रत काढून वेगळी ठेवावी. हे काम या महिन्यातच करा.