आपली वेबसाइट, आपल्या नावावर

(नरसिंहपूर येथे तरुण मुलामुलींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



सकाळी तुम्ही सगळे घाटावर जाऊन आलात, नीरा-भीमेचा संगम पाहिलात. हे माझं आजोळ. माझ्या नानांची एक वही आहे. ते लोकल बोर्डाच्या मराठी शाळेत शिकले, म्हणून वही मराठीत. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला आपल्या घरांतलं कोण कोण गेलं, पुराचं पाणी कुणाच्या उंबऱ्यापर्यंत आलं, नृसिंह जयंतीच्या जत्रेत बांगड्यांचं दुकान कोण लावायचं, सगळं त्यात आहे. नाना गेल्यावर मी मोबाइलवर गावाचं नाव टाकून पाहिलं. मंदिर सापडलं, रस्ता सापडला. मंदिराचा अभिमान मलाही आहे. पण त्या वहीतली माणसं कुठंच नव्हती.

तेव्हा आम्ही चार मावस-मामे भावंडांनी वेबसाइट काढायचं ठरवलं. ओळखीच्या एका मुलाने ती करून दिली. छान केली होती. वर्षभराने त्याने नोकरी बदलली, नंबर बदलला आणि एक दिवस साइट उघडेना. चौकशी केली तेव्हा कळलं, डोमेन त्याच्या नावावर, पासवर्ड त्याच्याकडे, आणि मुदत संपलेली. चूक त्याची नव्हती. जमीन कुणाच्या नावावर आहे हे सातबारा काढून बघणाऱ्या आम्ही लोकांनी वेबसाइट कुणाच्या नावावर आहे हे विचारलंच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, वेबसाइट कशाला? इन्स्टा आहे, यूट्यूब आहे. जरूर वापरा. पण ती दुसऱ्याची ओसरी आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं. २९ जून २०२०ला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. आपल्याच भागातली किती मुलंमुली त्यावर होती! निर्णय बरोबर की चूक, हा वेगळा विषय. पण त्यांचं काम एका रात्रीत दिसेनासं झालं, आणि त्यांना कुणी विचारलंही नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही स्वतः बसलो. वर्डप्रेस निवडलं. २००३ साली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी ते सुरू केलं. ते मोफत आहे आणि खुलं आहे. कुणीही वापरावं, बदलावं, पुढे द्यावं. आज जगातल्या दर १० वेबसाइटपैकी ४ त्यावर चालतात. सेटिंगमध्ये भाषा मराठी केली की आतली बटणंसुद्धा मराठीत दिसतात. माझ्या अम्मीला त्यामुळेच धीर आला.

लागतात दोन गोष्टी. डोमेन म्हणजे पत्ता आणि होस्टिंग म्हणजे जागा. पत्ता .इन घ्या, किंवा २०१४पासून देवनागरीत .भारतसुद्धा मिळतो. होस्टिंग भाड्याचंच असतं, ते काही आपल्या मालकीचं नाही. पण इथं बिऱ्हाड हलवता येतं. सगळ्या फाइली आणि डेटाबेस उचलायचा आणि दुसऱ्या जागी मांडायचा. पत्ता तोच राहतो, वाचकाला कळतही नाही. फक्त वर्डप्रेसच्याच नावाची एक तयार सेवाही आहे, तिथं सगळं त्यांच्या जागेत असतं. मी सांगतेय ते आपल्या होस्टिंगवर स्वतः बसवायचं वर्डप्रेस. बहुतेक होस्टिंगवाल्यांकडे ते एका बटणात बसतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

आमच्या फजित्या सांगते, म्हणजे तुमच्या होणार नाहीत.

पहिली, फॉन्ट. नानांच्या वहीतली काही पानं मामांनी पूर्वी डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतली होती, श्रीलिपीत. ती साइटवर चिकटवली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. जुन्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलावा लागतो आणि मग ओळ न् ओळ वाचावी लागते, कारण जोडाक्षरं हमखास बिघडतात. पानांचे नुसते फोटो टाकू नका. फोटोतला मजकूर शोधायला गेलं तर सहसा हाती लागत नाही, अंध वाचकालाही ऐकता येत नाही.

दुसरी, लिंक. लेखाचं नाव मराठीत दिलं की लिंकही मराठीत तयार होते. ती व्हॉट्सॲपवर पाठवली की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते, आणि लोक घाबरून उघडत नाहीत. लेख मराठीतच ठेवा, लिंक तेवढी छोटी रोमन करा.

तिसरी सांगायला लाज वाटते. सहा महिने आमची साइट गूगलवर येईना. आम्हाला वाटलं, आपल्याला कोण विचारतो! सेटिंगमध्ये ‘वाचन’ भागात एक चौकट असते: सर्च इंजिनांना ही साइट दाखवू नका. काम चालू असताना मीच तिथं टिक केली होती, आणि काढायची विसरले होते. जगाने आपल्याला वगळलं असं म्हणण्याआधी आपली टिक एकदा तपासा.

बाकी थोडक्यात. डोमेन संस्थेच्या ईमेलवर घ्या, एकाच्या नव्हे. पासवर्ड दोघांकडे हवा, त्यात एक मुलगी हवीच. अपडेट वेळेवर करा, प्लगइन मोजकी ठेवा, बॅकअप होस्टिंगबाहेर ठेवा. आणि कुणाचा फोटो, फोन नंबर, घरची गोष्ट विचारल्याशिवाय टाकू नका. आमच्या एका खालांनी आठवण सांगितली, आणि नंतर म्हणाल्या, नको गं. आम्ही ती काढली. आपल्या हातात असल्याचा हाही फायदा.

शेवटी एकच. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. फातिमा शेख यांच्या स्वतःच्या हातचं लिखाण मात्र आपल्याजवळ नाही. म्हणून २०२५मध्ये, ती बाई होती की नव्हती, यावर मोबाइलवर वाद रंगला. तो वाचताना मला नानांची वही आठवली. आपण लिहून ठेवलं नाही, तर आपण होतो का, हेसुद्धा दुसरे ठरवतात.

वहीतली अजून निम्मी पानं चढवायची आहेत. अम्मी रोज एक पान टाइप करते. तुमच्याही घरात एखादी वही असेल. नसेल तर दादी-नानी असेल. आज घरी गेलात की आधी तिच्याजवळ बसा. डोमेन उद्या घेतलं तरी चालेल.