सामायिक कार्यालय : लहान व्यावसायिकाचा आधार

स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यास कौशल्याइतकीच बसावयास जागा लागते. परंतु अनामत रक्कम, फर्निचर व दीर्घ मुदतीचा भाडेकरार यांचा भार आरंभीच पेलवत नाही. ही अडचण ओळखून १९८९ साली ब्रुसेल्स येथे ‘रीगस’ने सुसज्ज कार्यालये अल्प मुदतीने देण्यास प्रारंभ केला. २००५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे ब्रॅड न्यूबर्ग यांनी एकेकटे काम करणाऱ्यांना एका छताखाली आणले.

मात्र याच व्यवसायातील ‘वीवर्क’ला २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. जागा दीर्घ कराराने घ्यावयाची आणि अल्प मुदतीने द्यावयाची, यातच जोखीम आहे. यास्तव पंचायतींनी प्रथम मागणी अजमावावी, उपलब्ध सार्वजनिक वास्तू वापरावी, वीज व इंटरनेटची शाश्वती करावी आणि मगच टेबले मांडावीत. रिकाम्या टेबलांनी रोजगार वाढत नाही.