हैदराबादेत ऐकलेला मर्फा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण म्हणतात ते मला येत नाही, तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही सहा वर्षे परमुलखात काढलीत, तिकडचे काही सांगा." तिकडचा चारमिनार आणि तिकडच्या बांगड्या तुम्ही सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. मी एका रात्रीची हकीकत सांगते.

२०११ साली आमच्या ह्यांना हैदराबादेत मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात काम लागले. उमरग्याहून हुमनाबाद, जहीराबाद करीत आम्ही गेलो. आपला जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, मग त्याला परमुलूख तरी कसे म्हणावे? पण मला तो परकाच वाटे. माझ्या आजीने १९४८ साली रझाकारांच्या भीतीने लेकरे काखेला मारून गाव सोडले होते. रात्री दिवा लावायचा नाही, लेकराला रडू द्यायचे नाही, असे दिवस तिने काढले. त्या गोष्टी ऐकतच मी मोठी झाले. त्यामुळे मेहदीपट्टणच्या बाजूला खोली घेतली तेव्हा पहिले दोन महिने दिवेलागणीनंतर मी उंबरा ओलांडला नाही.

शेजारी एक आपा राहत. त्यांची दखनी आणि माझे मोडके हिंदी. पण त्यांच्या बोलण्यात सारखे 'नक्को, नक्को' येई. हा तर आपलाच 'नको'! मला हसू आले आणि त्या दिवसापासून भाजीची वाटी भिंतीपलीकडे जाऊ लागली.

२०१३ साली आपांच्या भाचीचे लग्न निघाले. बोलावणे रात्रीचे. मी जाणार नव्हते. हेच म्हणाले, "जा की. पोरांजवळ मी बसतो." जन्मात पहिल्यांदा नवरा घरी आणि मी रात्री बाहेर, असे झाले.

तिकडे बायांची बैठक वेगळी असते. नवरदेवाची वरात यायला अकरा वाजून गेले. आम्ही साऱ्याजणी फाटकाशी दाटीवाटीने उभ्या राहिलो. आधी लाल कोटवाले बँडवाले आले. पितळी कर्णे, डोक्यावर दिवे, सिनेमाची गाणी. तसला बँड आपल्याकडेही असतो, त्याचे काय एवढे सांगायचे! त्यांच्यामागून आठदहा माणसे आली. कोणाकडे डफ, कोणाच्या गळ्यात ढोल, एकाकडे नगाऱ्यासारखे वाद्य. त्यांतला एक म्हातारा भिंतीकडेला उकिडवा बसला. त्याने जुनी वर्तमानपत्रे पेटवली आणि जाळावर डफ फिरवू लागला. मध्येच बोटाने टिचकी मारून आवाज बघे, पुन्हा शेकी.

बायांनो, माझ्या अंगावर काटा आला. आमच्या गावात लग्नाच्या मांडवामागे हलगीवाले असेच पाचट पेटवून हलगी तापवीत. तीच बैठक, तीच टिचकी.

मग त्यांनी जे धरले, त्याला मर्फा म्हणतात. आधी सावकाश, मग चढत चढत असे की, उभ्या माणसाचे पाय आपोआप हलावेत. वर सूर नाही, गाणे नाही, निव्वळ ठेका. नवरदेवाचे पांढऱ्या दाढीचे आजोबासुद्धा काठी उंच धरून नाचले. मी आपांना विचारले, "हे कोण लोक?" त्या म्हणाल्या, हे सिद्दी. ह्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले आणि निजामाच्या घोडदळात होते. त्या पलटणीवरूनच एका वस्तीला ए. सी. गार्ड्स नाव पडले. मर्फा त्यांचा आणि यमनकडून आलेल्या अरबांचा. पलटण गेली, वाजवणे राहिले. मुसलमानांच्या लग्नात वाजते तसे हिंदूंच्या मिरवणुकीतही वाजते.

घरी आल्यावर मुलाला हे सांगितले, तेव्हा त्याने पुस्तकातून वाचून दाखवले की मलिक अंबरही आफ्रिकेतलाच, हबशी. १६०० साली अहमदनगर मोगलांनी घेतले, तेव्हा त्याने मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवले ते आपल्या परंड्याच्या किल्ल्यात! परंड्याचा किल्ला मी माहेरी असताना पाहिला होता. तिथली तोफ पाहिली आणि चिवडा खाऊन परत आलो. हे कोणी सांगितलेच नव्हते.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. वाजवणे संपल्यावर जेवणे झाली. खिडकीतून पुरुषांची बाजू दिसत होती. तो डफवाला म्हातारा पाहुण्यांच्या शेजारी बसून त्याच ताटातली बिर्याणी खात होता. सगळीकडे असेच असते की नाही, मला सांगता येणार नाही. मी त्या घरी पाहिले ते सांगते.

मला माझे लग्न आठवले. आमचे हलगीवाले उन्हात दोन दिवस वाजवून थकले होते. सगळ्या पंगती उठल्यावर त्यांना गोठ्यापाशी वाढले, तेही वरून, हात न लागू देता. ठरलेल्या पैशांतून काही कापलेसुद्धा. कापणारे माझे वडीलच होते. त्यांतल्या मोठ्या बाबांनी माझ्या बारशालाही वाजवले होते म्हणे, आणि मला त्यांचे नावही ठाऊक नव्हते. बिर्याणी माझ्या घशाखाली उतरेना. आपांना वाटले, तिखट लागले.

२०१७ साली आम्ही परत आलो. दोन वर्षांनी पुतणीचे लग्न ठरले. पोरांना डीजे पाहिजे होता, ज्याने घरातली भांडी मांडणीवरून खाली येतात तो. मी हट्ट धरला, हलगीच पाहिजे. शोधले तर आमच्या गावचे तिघेच उरलेले. बाकीची मुले पुण्याला कामाला. ते तिघे आले. मी त्यांना पहिल्या पंगतीत पाट मांडले. आमच्या भावकीतले एक वडीलधारे ताटावरून उठून गेले. माझ्या जाऊबाई चार महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. हलगीवाल्यांतले मोठे बाबाही अवघडून बसले होते. म्हणाले, "आक्का, कशाला वाद? आम्ही मागून जेवलो असतो." त्यांना मी काय उत्तर देणार? "बुंदी वाढू का?" एवढेच विचारले.

आज मिरवणुकीला डीजे आणायचा की हलगी, यावर मंडळाच्या सभेत बरीच बोलाचाली झाली, ती तुम्हाला माहीत आहे. मते मोजावी लागली. मघापासून फाटकाकडून धूर येतो आहे. कचरा पेटला म्हणून कोणी पाणी ओतू नका, तेच तिघे हलगी शेकीत आहेत. त्यांची पाने पहिल्या पंगतीत मांडली आहेत. वाढायला मी आहे. आणखी दोघी हव्यात.