गप्पांच्या खोलीची चावी

चावडी गावातली असो की संगणकावरची, चार माणसे जमली की कोणीतरी व्यवस्था पाहावी लागते. आज मी या व्यवस्था पाहणाऱ्यांविषयी बोलणार आहे.

१९८८ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधील ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ‘इंटरनेट रिले चॅट’ म्हणजे आयआरसी तयार केले. अनेक सर्व्हर एकमेकांना जोडलेले. तुम्ही कोणत्याही एकावर जा, बोलणे सगळीकडे पोहोचते. यातल्या गप्पांच्या खोलीला चॅनेल म्हणतात. ती सांभाळणारा तो ऑपरेटर. शिवीगाळ करणाऱ्याला बाहेर काढणे, पुन्हा येऊ न देणे हे त्याचे काम. त्याच्या वर नेटवर्कचा ऑपरेटर. तो एखाद्याला सर्व्हरवरूनच हाकलू शकतो. पण खोलीतल्या भांडणात त्याने पडू नये, असा संकेत. आणि सर्व्हरचे यंत्र, जोडणी पुरवणारे पुष्कळदा एखादे विद्यापीठ किंवा कंपनी. यातली बहुतेक मंडळी बिनपगारी.

मी काही वर्षे एका छोट्या चॅनेलचा ऑपरेटर होतो. बाहेर काढायला एक ओळ टंकली की झाले. खरे काम असते ती ओळ न टंकण्याचे. ऑपरेटरच्या नावाआधी ‘ॲट’चे चिन्ह दिसते. फ्रीनोड नावाच्या नेटवर्कवर तर गरज नसताना हे चिन्ह मिरवू नये, अशीच शिफारस होती. बिल्ला पाहून भांडायची खुमखुमी येणारे लोक असतातच!

पूर्वी दोन सर्व्हरमधला दुवा तुटला की नेटवर्कचे दोन तुकडे होत. एका तुकड्यात खोली रिकामी झाली, की पहिल्यांदा शिरणारा ऑपरेटर होई. दुवा पुन्हा जुळला की तो मालकासारखा बसलेला. अशी खोल्या बळकावण्याची रीतच पडली होती. १९९४ मध्ये सुरू झालेल्या डालनेटने त्यावर नावांची आणि चॅनेलांची नोंदणी रूढ केली. चोरांची भीती गेली, पण चावी आता नेटवर्क चालवणाऱ्यांच्या हाती आली.

ते कोणाचे नोकर? हा प्रश्न २०२१ मध्ये फ्रीनोडवर उभा राहिला. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा तो मोठा अड्डा. कंपनीचे म्हणणे, नेटवर्क आमच्या मालकीचे. वर्षानुवर्षे राबलेल्या स्वयंसेवकांचे म्हणणे, ते वापरणाऱ्यांचे. मे महिन्यात बहुतेक स्वयंसेवक बाहेर पडले आणि १९ मे रोजी त्यांनी लिबेरा चॅट सुरू केले. आठवड्याभरात फ्रीनोडवर ज्या चॅनेलांच्या मथळ्यात लिबेराचे नाव होते, अशी शेकडो चॅनेले ताब्यात घेण्यात आली. कायद्याच्या वादात मी शिरत नाही. पण दुसऱ्याच्या खोलीत न शिरण्याचा तो संकेत मोडला, हे माझ्या मते मालकीहक्कापेक्षा गंभीर होते. जूनमध्ये फ्रीनोडने जुनी नोंदणीही पुसली.

लिबेराची मंडळी अनुभवाने शहाणी झाली. त्यांनी स्वीडनमध्ये ना-नफा संस्था नोंदवली; स्वयंसेवक हेच तिचे सभासद. उबुंटू, विकिमीडिया यांची चॅनेले तिकडे गेली. जुन्याच नावांच्या खोल्या पुन्हा मांडल्या गेल्या, आणि प्रत्येक ठिकाणी आधी ठरवावे लागले ते हेच, की ऑपरेटर कोण.