डाउनलोड ९५ टक्क्यांवर तुटतं तेव्हा

तुमच्यातले बरेच जण हा एपिसोड आधी डाउनलोड करून मग ऐकत असणार. तर आज बोलू त्या डाउनलोडबद्दलच.

समजा, ८० एमबीची फाइल आहे. गाडीने कर्जत सोडलं, घाट लागला, बोगद्यात नेटवर्क गेलं. तोवर ७६ एमबी उतरले होते. आता ॲप काय करतं? काही ॲप्स सरळ शून्यापासून सुरू करतात, म्हणजे तुमच्या दिवसाच्या दीड जीबीतले ७६ एमबी पाण्यात. काही त्याहून वाईट. अर्धी फाइल खऱ्या नावाने तशीच पडून राहते, आणि ॲप म्हणतं, "फाइल आहे ना? मग झालं डाउनलोड!" गोष्ट ऐन रंगात आली की आवाज बंद.

म्हणून खऱ्या नावाने थेट लिहायचंच नाही. नावापुढे '.पार्ट' लावून लिहा. आकार जुळला, सर्व्हर चेकसम देत असेल तर तोही जुळला, की मगच नाव बदला. त्याच फोल्डरमध्ये नाव बदलणं एका झटक्यात होतं, अर्धवट राहत नाही.

राहिलेले ४ एमबी मागायला एचटीटीपीत 'रेंज' नावाचा हेडर आहे. (मोबाइलची रेंज नव्हे हं!) "या बाइटपासून पुढचं दे," एवढंच तो सांगतो. उत्तर २०६ आलं तर जुन्या तुकड्याला जोडा. २०० आलं तर सर्व्हर अख्खी फाइल पहिल्यापासून पाठवतोय. ती जोडलीत तर खिचडी होणार. तेव्हा जुना तुकडा फेकून द्या. आणि मधल्या वेळात सर्व्हरवरची फाइलच बदलली असेल तर? त्यासाठी आधी मिळालेला ईटॅग जपून ठेवायचा आणि 'इफ-रेंज' हेडरमधून परत पाठवायचा. फाइल बदलली असेल तर सर्व्हर तुकडा न देता पूर्ण नवी फाइल देतो.

ठेवायची कुठे? ॲन्ड्रॉइडमध्ये जागा कमी पडली की सिस्टिम ॲपच्या कॅशमधल्या फाइल्स न विचारता उडवू शकते. थंबनेल वगैरे तिथे ठीक. पण माणसाने स्वतः बटण दाबून घेतलेली फाइल कॅशमध्ये टाकणं मला तरी फसवणूक वाटते. ती ॲपच्या फाइल्स फोल्डरमध्येच हवी.

आणि टेस्टिंग ऑफिसच्या वायफायवर नको. डाउनलोड चालू असताना एअरप्लेन मोड लावा, ॲप मारून टाका, परत उघडा. पट्टी जिथे थांबली होती तिथूनच पुढे सरकली पाहिजे.