त्वचेवर उमटणारी उपासमार



एच.आय.व्ही.चा विषाणू देहात काय उत्पात घडवतो आणि २००४ सालापासून सरकारी केंद्रांतून मोफत मिळू लागलेल्या औषधांनी किती मरणे टाळली, हे आपण जाणताच. त्यात ही गोदाकाठची संध्याकाळ दवडत नाही. माझा हट्ट निराळा आहे, आणि तो मित्रमंडळींना पाठ असल्याने पुढच्या रांगेत आताच कुजबूज सुरू झाली आहे. (हशा.) तो असा, की अशा रुग्णाच्या कातडीवर काही दिसले, तर मलमाची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी वैद्याने त्याच्या शिधापत्रिकेची चौकशी करावी.

लक्षणे नसतानाही या संसर्गात देहाचा ऊर्जाव्यय सुमारे १० टक्क्यांनी वाढतो, आजारपणात २० ते ३० टक्क्यांनी; आणि नेमके तेव्हाच तोंडातली बुरशी घास गिळू देत नाही, जुलाब तो टिकू देत नाहीत. मग ओठांचे कोपरे चिरतात, कोपर-मांड्यांवर काटेरी पुटकुळ्या येतात, जस्त घटले तर तोंडाभोवती लाल, सोलवटलेले चट्टे उठतात.

दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत मजुरी करणारी, हाच संसर्ग असलेली एक बाई आली होती. हातांच्या पाठी आणि गळ्याभोवतीची कातडी करपलेली, पोलक्याच्या बाहीखाली मात्र निर्मळ. मुकादम म्हणे फवारणी बाधली, सासू म्हणे महारोग. पिशवीत मलमांच्या नळ्या. दुपारी काय खाता, विचारले. “चहा-बटर.” रात्री पोरींचे उरेल ते. त्यात क्षयप्रतिबंधक आयसोनियाझिड चालू आणि सोबतची बी-६ ची गोळी सुटलेली; म्हणजे देह बी-६ च्या मदतीने प्रथिनांतून थोडेसे नायसिन हे जीवनसत्त्व घडवतो, तीही वाट बंद! हाच तो पेलाग्रा, नायसिनच्या अभावाचा रोग, जो १७३५ साली स्पेनमध्ये कासाल या वैद्याने मकाभक्षक गरिबांत पाहिला. नायसिनामाइड दिले; आग आठवड्यात शमली, कातडी निवळायला महिना लागला. मुकादमाने दरम्यान निरोप धाडला की फवारणीचा दोष नाही असे लिहून द्या. दिले, एच.आय.व्ही.चे नाव अर्थातच नाही, कारण २०१७ चा एच.आय.व्ही.विषयक कायदा त्याची गुप्तता राखायला सांगतो, पण खाली दुपारच्या भाकरीविषयी एक वाक्य जादा घातले. (हशा.)

समोरचे त्वचारोगतज्ज्ञ भुवया उंचावत आहेत. मान्य! प्रत्येक डाग भुकेचा नसतो. या संसर्गावरच्या औषधांपैकी झिडोवुडिनने नखे काळवंडतात, नेव्हिरापिनचे पुरळ तर जिवावर बेतू शकते, तेव्हा घरी बसून शेंगदाणे खाऊ नयेत, त्वरित दवाखाना गाठावा. परंतु औषधांची यादी विचारणारे पुष्कळ आहेत. ताटाची विचारणारा विरळा.

अध्यक्षांनी घड्याळ पुढे सरकवले आहे. मग एवढेच सांगतो, की ज्यांच्या नावाच्या पटांगणात आपण बसलो आहोत, त्या देवमामलेदारांनी, म्हणजे लोकांनी देव मानलेल्या सटाण्याच्या मामलेदारांनी, दुष्काळात तिथला सरकारी खजिना भुकेल्यांसाठी उघडला, तेव्हा कुणाच्या अंगावरचे चट्टे मोजत बसले नव्हते. औषधाच्या खिडकीवरच तूरडाळ, शेंगदाणे आणि अंडी मिळावीत, असा अर्ज मी पूर्वीच दिला आहे. तो अद्याप विचाराधीन आहे. मुलांच्या केसांचे आणि त्वचेचे प्रकरण मोठे आहे, ते प्रश्नोत्तरांत घेऊ, घंटा वाजली नाही तर.